‘डेटा पाठवून द्या’: काय पाठवायचं, कसं पाठवायचं आणि किती खर्च येतो

महिन्याची अठरा-एकोणीस तारीख. वीस तारखेला जीएसटीआर-३बी भरायचं आहे आणि नेमकं तेव्हाच दुकानातलं हिशोबाचं सॉफ्टवेअर अडतं. कुणाचा डेटा उघडत नाही, कुणाचं बिल छापताना सॉफ्टवेअर बंद पडतं, कुणाच्या स्टॉकचा आकडा उणे दिसायला लागतो. सपोर्टचा फोन लागतो, पलीकडून दोन-चार प्रश्न येतात आणि मग नेहमीचं वाक्य येतं: ‘सर, डेटा पाठवून द्या, बघून सांगतो.’ अकाउंटंट मिळेल त्या वाटेने अख्ख्या कंपनीचा बॅकअप पाठवून मोकळा होतो.

पाठवायला पैसे पडत नाहीत, म्हणून त्याचा हिशोब कोणी मांडत नाही. तो मांडायला हवा, कारण त्या फाइलमध्ये फक्त तुमचा नफातोटा नसतो. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, मोबाइल आणि उधारी असते. माल देणाऱ्यांचे बँक खाते क्रमांक असतात, कामगारांचे पगार असतात. जीएसटी क्रमांकाच्या पंधरा अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची (महाराष्ट्राची २७, गोव्याची ३०) आणि पुढची दहा म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. पॅनचा रकाना झाकला आणि जीएसटी क्रमांकाचा उघडा ठेवला, तर काहीच झाकलं गेलं नाही. गृहनिर्माण संस्थेचा बॅकअप असेल तर त्यात कोणत्या फ्लॅटचं किती थकलंय तेही असतं. दवाखान्याचा असेल तर कोणाला कोणता आजार आहे, हेही. ही माणसं तुमच्यावर विश्वास ठेवून माहिती देतात. कोणत्या सपोर्ट कंपनीकडे ती जाणार, हे त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून या लेखात दोन्ही खर्च मांडले आहेत: खिशातून जाणारे पैसे, आणि फाइल हातातून गेल्यावर उरणारी जोखीम. पैशांचा खर्च बहुतेक वेळा फार कमी असतो. जोखीमही कमी करता येते, त्यासाठी अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो.

घाईचा हिशोब आधी करा

चुकीच्या वाटेने फाइल जाण्याचं सगळ्यांत मोठं कारण भीती असतं. ‘आज झालं नाही तर दंड बसेल’ या भीतीपोटी माणसं अनोळखी नंबरावर सगळं पाठवतात, कम्प्युटरचा ताबाही देतात. तो दंड प्रत्यक्षात किती असतो?

दरमहा ३बी भरणाऱ्याला उशिराचं शुल्क दिवसाला ५० रुपये आहे, त्यात २५ केंद्राचे आणि २५ राज्याचे. महिन्यात व्यवहारच नसेल तर २० रुपये. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर एका विवरणपत्रामागे हे शुल्क जास्तीत जास्त २,००० रुपये होतं, दीड ते पाच कोटींपर्यंत ५,०००. शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. समजा रोखीने भरायचा कर एक लाख आहे आणि चार दिवस उशीर झाला. शुल्क २०० रुपये, व्याज साधारण १९७ रुपये. म्हणजे चारशेच्या आत मामला मिटतो. कराचा अंदाज असेल तर तेवढी रक्कम वीस तारखेच्या आत पोर्टलवरच्या रोख खात्यात, म्हणजे कॅश लेजरमध्ये भरून ठेवा. विवरणपत्र उशिरा गेलं तरी वेळेत भरलेल्या तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. २०२४ च्या जुलैपासून नियमच तसा झाला आहे. आपल्या सीएंना एकदा विचारून घ्या.

जीएसटीआर-१ चं मात्र वेगळं आहे. ते अकरा तारखेच्या आत गेलं नाही तर तुमच्या गिऱ्हाइकाच्या जीएसटीआर-२बी मध्ये त्या महिन्याचं बिल दिसत नाही आणि त्याचं क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं. तिथे पैशापेक्षा संबंधांचा प्रश्न येतो. अशा वेळी गिऱ्हाइकाला आधीच फोन करून सांगणं बरं.

दुकान बंद ठेवायचीही गरज नाही. छापील बिलबुकावर वेगळी क्रममालिका धरून हाताने बिलं करता येतात, ई-वे बिल थेट सरकारी पोर्टलवर काढता येतं. फक्त वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असेल आणि ई-इन्व्हॉइस लागू असेल तर नुसतं हातबिल चालणार नाही. तिथे पोर्टलवरून क्रमांक घ्यावाच लागतो.

हा हिशोब कागदावर मांडला की डोकं शांत होतं, आणि मग फाइल कोणती पाठवायची याचा विचार करायला सवड मिळते.

पूर्ण बॅकअप सगळ्यांत शेवटी

सपोर्टवाल्यांना पूर्ण डेटा हवा असतो, कारण त्यांना ते सोयीचं पडतं. मात्र बऱ्याच तक्रारी त्याशिवायही सुटतात. पहिल्या फेरीत फक्त माहिती पाठवा: सॉफ्टवेअरची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, एररचा संदेश आहे तसा, तो कधीपासून येतोय, आणि त्याआधी काय बदललं. शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात आणि उत्तर अनेकदा तिथेच असतं. नवा प्रिंटर बसवला होता, अँटिव्हायरस बदलला होता, रात्री वीज गेली होती, सॉफ्टवेअर अपडेट झालं होतं, यातलं काहीही असू शकतं. ‘चालत नाहीये’ एवढंच लिहिलं की पुढचे दोन दिवस प्रश्नोत्तरात जातात.

दुसऱ्या फेरीत स्क्रीनशॉट किंवा स्क्रीनचं छोटं रेकॉर्डिंग. ‘मी इथे क्लिक केलं आणि असं झालं’ हे अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत जेवढं कळतं तेवढं पानभर लिहूनही कळत नाही. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी व्हॉट्सॲप वेब, बँकेचं पान आणि ईमेल बंद करा.

तिसऱ्या फेरीत लॉग फाइल. सॉफ्टवेअर स्वतःची एक रोजनिशी ठेवतं, ती सहसा छोटी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडून एकदा नजर टाका. त्यात पासवर्ड किंवा खाते क्रमांक उघडे दिसले तर तेवढे खोडा आणि खोडल्याचं पत्रात लिहा. अख्खं विंडोज कोसळत असेल तर कंपनी ‘डंप फाइल’ मागते. त्यातही दोन प्रकार असतात. मिनिडंप छोटा असतो, विंडोजच्या फोल्डरात मिनिडंप नावाच्या उपफोल्डरात सापडतो आणि बहुतेक वेळा तेवढा पुरतो. पूर्ण मेमरी डंप मात्र रॅमएवढा मोठा असतो. त्या क्षणी कम्प्युटरच्या स्मृतीत जे होतं, अगदी टाइप केलेला पासवर्डसुद्धा, ते त्यात असू शकतं. मिनिडंपवर भागत नाही असं लेखी आल्याशिवाय तो देऊ नका.

चौथी फेरी नमुना डेटाची, आणि सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो इथे. सॉफ्टवेअरमध्ये ‘चाचणी’ नावाची नवी कंपनी उघडा. पार्टी १, पार्टी २, वस्तू १, वस्तू २ अशी खोटी नावं द्या, खऱ्या बिलातले दर आणि कराचे टक्के मात्र तसेच ठेवा, आणि दोन-तीन बिलं करून तोच दोष येतो का ते पाहा. आला, तर काम झालं! हा नमुना कुणालाही निर्धास्तपणे पाठवता येतो आणि सपोर्टवाल्यालाही दोष शोधणं सोपं जातं, कारण हजारो नोंदींच्या गर्दीत त्याला शिरावं लागत नाही. नाही आला, तर दोष डेटातच आहे हे कळलं. तीही मोलाची माहिती आहे, पत्रात लिहावी अशी.

एवढं सगळं होऊनही उत्तर मिळालं नाही, किंवा डेटाची फाइलच खराब झाली असेल, तेव्हाच पूर्ण बॅकअप. तोही सगळ्या वर्षांचा देऊ नका. वर्षवार डेटा वेगळा करता येत असेल तर ज्या वर्षात दोष आहे तेवढाच द्या.

झाकलेलं खरंच झाकलं गेलंय का

नावं काढून टाकली असं वाटतं आणि ती फाइलमध्येच राहतात, असं वारंवार घडतं. एक्सेलमध्ये मूळ यादीची शीट काढून टाकली तरी त्यावरून केलेल्या पिव्हट टेबलच्या पोटात ती यादी राहू शकते. लपवलेली शीट दोन क्लिकमध्ये पुन्हा दिसते. वर्डमध्ये फोटो कापला तरी कापलेला भाग फाइलमध्ये असतो. पीडीएफमध्ये मजकुरावर काळी पट्टी ओढली तर पट्टीखालचा मजकूर अनेकदा सरळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवता येतो.

स्क्रीनशॉटही यातून सुटलेले नाहीत. २०२३ च्या मार्चमध्ये उघड झालं की गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या आणि विंडोजच्या स्निपिंग टूलमधल्या दोषामुळे कापलेल्या चित्राचा उरलेला भाग फाइलमध्ये तसाच राहत होता आणि परत मिळवता येत होता. दोष लगेच दुरुस्त झाला, पण जुनी चित्रं जिथे गेली तिथे गेलीच. आकडे धूसर करण्यापेक्षा पूर्ण काळा चौकोन टाका आणि त्या चित्राचा पुन्हा नवा स्क्रीनशॉट घेऊन तोच पाठवा. एक्सेल-वर्डसाठी फाइल मेनूत ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ ही सोय आहे. ती लपलेल्या शीट, टिपा, लेखकाचं नाव असं बरंच काही शोधून काढते. मात्र ती मूळ फाइलवर न चालवता प्रतीवर चालवा. आधारची प्रत मागितलीच तर फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतं.

सपोर्टला दिलेली फाइल किती धोक्याची ठरू शकते, याचं एक ठळक उदाहरण ऑक्टा या अमेरिकी कंपनीचं आहे. ही कंपनी हजारो संस्थांच्या कर्मचाऱ्यांचं लॉगिन सांभाळते. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात घुसखोर तिच्या सपोर्टच्या यंत्रणेत शिरले. ग्राहकांनी तक्रारींसोबत चढवलेल्या फाइली तिथे पडून होत्या. त्यात ‘हार’ प्रकारच्या फाइली होत्या. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यात काय काय देवाणघेवाण झाली याची ती नोंद असते, आणि वेबवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे सपोर्टवाले ती नेहमी मागतात. या नोंदीत चालू लॉगिनचं टोकनही उतरतं. ते ज्याच्या हाती पडलं तो पासवर्डशिवाय आत जाऊ शकतो. १३४ ग्राहकांच्या फाइली घुसखोरांच्या हाती लागल्या आणि त्यातल्या पाचांच्या चालू लॉगिनमध्ये ते शिरले. बियॉन्डट्रस्ट, वनपासवर्ड आणि क्लाउडफ्लेअर या खुद्द सुरक्षेच्या क्षेत्रातल्या कंपन्यांना याची झळ लागली. त्याआधीची गोष्ट मायक्रोसॉफ्टची. ग्राहक सपोर्टच्या सुमारे २५ कोटी नोंदी डिसेंबर २०१९ मध्ये काही आठवडे पासवर्डशिवाय उघड्या राहिल्या होत्या आणि जानेवारी २०२० मध्ये कंपनीने ते मान्य केलं.

एवढ्या मोठ्या कंपन्यांचं हे असेल, तर आपल्या गावच्या एजन्सीच्या ‘क्लायंट डेटा’ फोल्डरात किती वर्षांचे बॅकअप साचले असतील याचा विचार करा. ‘हार’ फाइल द्यावीच लागली तर क्रोमच्या नव्या आवृत्तीतून संवेदनशील भाग गाळलेली फाइल काढा, आणि पाठवण्याआधी त्या संकेतस्थळावरून लॉगआउट व्हा.

कोणत्या वाटेने आणि किती पैशांत

पहिली पसंती कंपनीच्या स्वतःच्या तक्रार पानाला. तिथे तक्रार क्रमांक मिळतो, फाइल त्या क्रमांकाला जोडली जाते, आणि उद्या वाद झाला तर तारीखवार पुरावा राहतो. खर्च शून्य.

दुसरी वाट ईमेलची. जीमेलची जोडफाइलीची मर्यादा २५ एमबी आहे, आउटलुकच्या मोफत खात्याची २० एमबी. ईमेलमधून जाताना फाइल जवळजवळ एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे पलीकडचा सर्व्हर ती नाकारू शकतो. १५ एमबीच्या आत असेल तरच ईमेल वापरा. प्रोग्रॅमच्या फाइली जीमेल मुळातच रोखतं, झिपमध्ये घातल्या तरी. तिथे हट्ट करून नाव बदलून पाठवण्यात अर्थ नाही.

मोठ्या फाइलसाठी ड्राइव्ह. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा असते, पण तीत तुमचे मेल आणि फोटोही मोजले जातात. जागा भरलीच असेल तर १०० जीबीची योजना भारतात महिन्याला १३० रुपयांना मिळत आली आहे. एक महिना घ्या आणि काम झालं की आपोआप होणारं नूतनीकरण बंद करा. लिंक देताना ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय निवडू नका. सपोर्टचा अधिकृत ईमेल पत्ता घालून फक्त त्यालाच परवानगी द्या.

वेळेचाही अंदाज घ्या. घरगुती जोडणीचा वरचा, म्हणजे अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर ५०० एमबीच्या फाइलला साधारण सात मिनिटं लागतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो २ वर आला तर अर्ध्या तासाहून जास्त.

व्हॉट्सॲपवर दोन जीबीपर्यंतची फाइल जाते, म्हणून सगळे तेच वापरतात. वाटेत ती फाइल कोणी वाचू शकत नाही हे खरं. पण पोहोचते ती एका कर्मचाऱ्याच्या फोनवर, आणि तो बहुधा त्याचा स्वतःचा फोन असतो. तो उद्या नोकरी बदलतो, फोन विकतो, गॅलरीचा बॅकअप घेतो. तुमच्या गिऱ्हाइकांची यादी त्याच्यासोबत फिरत राहते. एररचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला हरकत नाही, बॅकअप मात्र कधीही नाही. मोफत फाइल पाठवणाऱ्या संकेतस्थळांचंही जपून. २०२५ च्या जुलैमध्ये वीट्रान्सफरने अटी बदलल्या तेव्हा आपल्या फाइलींवर एआयला शिकवतील या शंकेने वापरकर्ते चिडले आणि कंपनीला मजकूर बदलावा लागला. फुकट सेवेच्या अटी वाचून मगच फाइल चढवावी.

वाट कोणतीही असो, फाइलला कुलूप हवं. सेव्हन-झिप हा प्रोग्रॅम पूर्ण मोफत आहे, दुकानाच्या कामालाही. फाइल दाबताना ‘सेव्हन-झेड’ हा प्रकार निवडा, पासवर्ड द्या आणि फाइलींची नावंही झाकण्याच्या चौकटीत खूण करा. साध्या झिपमध्ये पासवर्ड असूनही आतल्या फाइलींची नावं बाहेरून दिसतात, आणि ‘पगारपत्रक मार्च’ हे नावच पुष्कळ सांगून जातं. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा.

सॉफ्टवेअरच्या आतल्या पासवर्डचं वेगळं. मालकाचा पासवर्ड कधी देऊ नये. पाठवायच्या प्रतीतच तात्पुरता पासवर्ड बदलून ठेवावा. टॅलीत ‘टॅलीव्हॉल्ट’, म्हणजे डेटालाच कुलूप घालणारा पासवर्ड, लावला असेल तर अधिक काळजी घ्या. तो पासवर्ड विसरला तर कंपनीलाही डेटा उघडता येत नाही.

सपोर्टचे पैसे

इथे लोक दोन टोकांना जातात: काही जण काहीच भरत नाहीत, काही जण एकाच कामाचे तीनदा भरतात.

बहुतेक हिशोबी सॉफ्टवेअरचं वार्षिक नूतनीकरण असतं. टॅलीचं एका वापरकर्त्याच्या सिल्व्हर परवान्याचं नूतनीकरण ४,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,३१० रुपये असं अलीकडच्या वर्षांत राहिलं आहे. दर बदलतात, म्हणून भरण्याच्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर पाहूनच भरा. याखेरीज गावातला पार्टनर किंवा एजन्सी स्वतःची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करार, घेते. हे दोन वेगळे करार आहेत. नूतनीकरणाचे पैसे कंपनीला जातात आणि त्यात नव्या आवृत्त्या मिळतात. एएमसीचे पैसे एजन्सीला जातात आणि त्यात माणूस येतो, फोन उचलतो.

एएमसी करताना चार प्रश्न विचारून उत्तरं कागदावर घ्या. वर्षात किती व्हिजिट फुकट? खराब डेटा दुरुस्त करणं त्यात धरलंय की वेगळं? सुट्टीच्या दिवशी, मार्चअखेरीला दर बदलतो का? आणि आमच्या डेटाची प्रत तुमच्याकडे किती दिवस राहील? शेवटचा प्रश्न बहुतेक एजन्सींना कोणी विचारलेला नसतो. तो विचारणारा ग्राहक त्यांच्या लक्षात राहतो, आणि हे चांगलंच आहे.

एएमसी नसेल तर डेटा दुरुस्तीची रक्कम फाइल देण्याआधी ठरवा. एकदा फाइल त्यांच्या हातात गेली आणि वीस तारीख जवळ आली, की घासाघीस करण्याची तुमची ताकद संपते. ‘दुरुस्त झालं नाही तर किती?’ हे आधी विचारा. तपासणीचे थोडे पैसे घेणं रास्त आहे, काम न होता पूर्ण रक्कम घेणं नाही. आणि रकमेचं बिल घ्या. बिल नसेल तर पुढे तक्रारीला आधारच उरत नाही.

दोष तुमच्या डेटात नसून सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत निघाला तर दुरुस्तीचे पैसे देऊ नका. वर सांगितलेली ‘चाचणी’ कंपनी इथे पुरावा म्हणून उभी राहते.

रिमोट घेतो म्हणाले तर

आजकाल फाइल मागण्याऐवजी ‘एनीडेस्क चालू करा’ असं सांगतात, म्हणजे त्या प्रोग्रॅममधून तुमच्या कम्प्युटरचा ताबा दुरून घेतात. त्यात फाइल तुमच्याकडेच राहते, हा फायदा. पण परवानग्यांमध्ये फाइल देवाणघेवाण चालू असेल तर पलीकडचा माणूस हवं ते उचलू शकतो. ती परवानगी बंद करा, पूर्ण वेळ समोर बसा, आणि ‘चहा घेऊन येतो’ म्हणून उठू नका. विंडोजमध्ये ‘क्विक असिस्ट’ ही मोफत सोय आहे, तीही चालते. काम झालं की प्रोग्रॅम काढून टाका किंवा निदान कायमचा पासवर्ड ठेवलेला नाही ना ते पाहा.

एनीडेस्कच्या आडून बँक खाती रिकामी होतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच दिला होता. ठकवणारे बहुतेकदा गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधणाऱ्यालाच गाठतात. म्हणून सपोर्टचा नंबर सर्चमधून घेऊ नका. सॉफ्टवेअरच्या ‘हेल्प’ मेनूतून किंवा खरेदीच्या बिलावरून घ्या. सपोर्टवाल्याने ओटीपी, यूपीआय पिन किंवा बँकेचं पान उघडायला सांगितलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, कारण पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवणं शक्य असतं.

सोबतचं पत्र

फाइलसोबत चार ओळी लिहाव्यात. हा मजकूर उचलायला हरकत नाही:

‘तक्रार क्रमांक अमुक. सोबतची फाइल फक्त या तक्रारीच्या तपासासाठी देत आहोत. तीत आमच्या ग्राहकांची खासगी माहिती आहे. ती अन्य कोणालाही देऊ नये व प्रशिक्षण अथवा प्रात्यक्षिकासाठी वापरू नये. काम पूर्ण झाल्यावर सात दिवसांत सर्व प्रती नष्ट करून तसं ईमेलने कळवावं. पासवर्ड फोनवर सांगू. संपर्काचं नाव व वेळ खाली आहे.’

चांगली कंपनी याला कधी आक्षेप घेत नाही.

या पत्राला कायद्याचंही बळ आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की ज्याने लोकांकडून माहिती घेतली त्याचीच ती सांभाळण्याची जबाबदारी. त्याच्या वतीने दुसरं कोणी ती हाताळत असलं तरी जबाबदारी सुटत नाही. म्हणजे एजन्सीकडून गळती झाली तरी प्रश्न आधी दुकानाला, दवाखान्याला, सोसायटीला विचारला जाईल. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. सवय लावून घ्यायला हा काळ पुरेसा आहे.

फाइल परत आल्यावर

पाठवण्याआधी मूळ डेटाची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि तिला हात लावू नका. ट्रायल बॅलन्स, शेवटचा स्टॉक आणि प्रत्येक प्रकारच्या व्हाउचरचा शेवटचा क्रमांक छापून घ्या.

फाइल त्यांच्याकडे असताना तुम्ही इकडे जुन्याच डेटात बिलं करत राहिलात तर दुरुस्त फाइल आल्यावर ती सगळी बिलं नाहीशी होतात. हा घोळ वारंवार होतो आणि त्यात अकाउंटंटचे दिवस वाया जातात. मधल्या काळातल्या नोंदी वहीत ठेवा आणि नव्या फाइलमध्ये पुन्हा घाला. आलेली फाइल जुन्यावर न चढवता वेगळ्या फोल्डरात उघडा, छापलेल्या आकड्यांशी ताळा करा आणि मगच वापरात घ्या. दुरुस्ती करताना कोणत्या नोंदी बदलल्या किंवा काढल्या, हे लेखी मागा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे, त्यामुळे ही विचारणा लेखापरीक्षकही करतील.

काम नीट झालं नाही, पैसे घेऊन टाळाटाळ झाली, तर आधी कंपनीला लेखी तक्रार करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणाला तिथे फी नाही, तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची. एक अडचण लक्षात घ्या. धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच ती घेतली असेल तर बसू शकते. छोटा दुकानदार, एकट्याने प्रॅक्टिस करणारा डॉक्टर यांनी तक्रारीत ही बाब पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावी.

आणि एक काम आजच करा. आपल्या ड्राइव्हमध्ये जाऊन आतापर्यंत सपोर्टला दिलेल्या जुन्या लिंक शोधा, ज्यांची गरज संपली त्या बंद करा, आणि ज्या एजन्सीकडे तुमचे बॅकअप गेले आहेत तिला ते पुसून टाकल्याचा ईमेल मागा.